चाळीस गऱ्या आणि लंकेचं पाणी

त्या दिवशी सकाळी गोंदियात असं धुकं पडलं होतं की दुकानासमोरचा विजेचा खांबही दिसत नव्हता. नऊ वाजून गेले तरी ट्रकवाले दिवे लावूनच चालले होते. थंडी हाडापर्यंत गेली होती. अशा दिवशी मासे धरायची गरी घ्यायला कोण येणार! हरीशसेठनं शटर अर्धंच उचललं, मी शेगडी पेटवली आणि आम्ही बाकड्यावर बसून राहिलो.

अशा रिकाम्या बसण्यातूनच किस्से जमतात. तळ्याच्या बुडाला गाळ जमतो ना, तसे. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण पाणी आटलं की दिसतात. आता माझं पाणी आटत आलं आहे, म्हणून सांगतो.

मी नवेगाव बांधचा ढीवर. उभा जन्म बांधाच्या पाण्यात जाळं टाकलं. मग कंबर गेली, त्याच वर्षी बायको गेली, आणि ओळखीच्या हरीशसेठनं मला गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला आणलं. त्याचं गोंदियात मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. मी तिथे गऱ्या बांधतो, रील पुसतो, फाटकी जाळी सांधतो. शाळेचं तोंड पाहिलं नाही. जी काही अक्षरं येतात ती दुकानातल्या पुड्यांवरून उचललेली, म्हणून माझं लिहिणं थोडं तुटक वाटेल. चालवून घ्या.

दुकानाचं बाकडं आम्हा चौघांचं. एक सेठ, तो हिंदीतच बोलतो आणि हिंदीतच रागावतो. दुसरे पटलेभाऊ, राईस मिलचे मालक, हौशी माणूस. तिसरे टेंभरे सर, भूगोल शिकवून रिटायर झालेले. मासेमारी मोबाईलवर शिकलेले. चौथा मी. मला सगळेच ‘बावाजी’ म्हणतात.

तर त्या धुक्यातून पटलेभाऊंची गाडी आली. उतरता उतरताच ते ओरडले, “सेठ, लंकेले जाऊन राहिलो! समुद्रावर! काठावर उभं राहून लाटेत गरी फेकाची. सामान काढा!”

सेठनं सरांकडे पाहिलं. सरांनी मोबाईलकडे पाहिलं. मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“बावाजी, तुम्ही तं पाण्याचे मानूस. समुद्राले कोनती गरी लागते?”

मी म्हणालो, “मी समुद्र पाहिला नाही जी.”

सेठ म्हणाला, “तो क्या हुआ! यहाँ किसने देखा है?”

*

सरांनी मोबाईलमध्ये पाहून सांगितलं, लाटेपलीकडे फेकायचं तर रॉड चौदा फुटांचा लागतो. आपल्या तलावावर सहा-सात फुटांच्या वर कोणी काठी धरत नाही. सेठनं नागपूरहून मागवला. तीन तुकड्यांत आला. पटलेभाऊ म्हणाले, “जोडून दाखवा.”

दुकान आमचं दहा फुटांचं! मागच्या भिंतीला बूड टेकवून जोडला तर पुढचे चार फूट शटरमधून बाहेर, थेट रस्त्यावर. टोकाला लाल-पांढरे पट्टे.

पटलेभाऊ लवचिकपणा पाहत रॉड वरखाली करत होते. एवढ्यात एक ऑटोवाला आला, थांबला, इंजिन बंद केलं. मागे एक मोटारसायकल थांबली. मग बैलबंडी. पाच मिनिटांनी ऑटोवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, “काऊन भाऊ, कोनती गाडी जाऊन राहिली? इथं फाटक कधी लागलं?”

गोंदियाचा माणूस रेल्वे फाटकापुढे जन्म काढतो. पट्ट्याचा दांडा आडवा दिसला की तो थांबतोच!

*

दोरी गुंडाळायच्या रीलच्या पाकिटांवर लिहिलेलं असतं, खाऱ्या पाण्यात चालेल. पटलेभाऊंनी मला विचारलं, “खरं असेल का जी?”

मी म्हणालो, “करून पाहू.”

शेजारच्या गिरजाबाईकडून बादली मागून आणली. गिरजाबाई म्हणजे माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी. नवरा नाही, पोरगी सासरी. मी तिला मासा देतो, ती मला संध्याकाळचं वरण-भात देते. माझ्या घराची किल्लीही तिच्याचकडे असते. तिच्याकडे नळ आला नाही की ती माझ्या घरातलं पाणी नेते. हिशेब कोणी ठेवत नाही.

बादलीत मीठ किती टाकायचं, यावर सरांनी बराच विचार केला. शेवटी गिरजाबाईच म्हणाली, “जिभेले लावा, अन् तोंड वाकडं झालं की पुरे.” मी लावलं. तोंड वाकडं झालं. मग सेठला न सांगता त्यात नवं रील दोरीनं बांधून सोडलं. आठ दिवस.

नवव्या दिवशी रील काढलं. हँडल फिरेना! आतून लाल पाणी गळलं. सेठनं डोक्याला हात लावला.

“बावाजी! कंपनीने समुंदर का पानी लिखा है, गिरजाबाई का नमक नहीं!”

पण पटलेभाऊ खूश झाले. त्यांनी दुसऱ्या बनावटीचं रील घेतलं. तेही मी बादलीत आठ दिवस ठेवलं. ते मात्र सुरसुर फिरलं. त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “आता तं बावाजीलेच संगं नेतो लंकेले! माझ्या खर्चानं. एवढा पारखी मानूस कुठं मिळते?”

मला वाटलं गंमत करतात. दुसऱ्या दिवशी ते परत म्हणाले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “बावाजी, फोटो काढून ठेवा, पासपोर्ट करू.”

मग मला झोप येईना. माझ्या आयुष्यात जेवढं पाणी पाहिलं, त्या सगळ्याला पलीकडे काठ होता. बांध केवढाही मोठा असो, पलीकडे झाडं दिसतात, डोंगर दिसतो. ज्या पाण्याला पलीकडे काहीच नाही, ते पाणी कसं असेल? वारा नसताना ते उठतं म्हणतात. कायले उठत असेल? एवढं एकदा पाहावं, बस. बाकी काही मागणं नव्हतं.

*

पासपोर्टच्या अर्जात जन्मतारीख लिहायची होती. टेंभरे सर लिहायला बसले.

“बावाजी, जन्म कधीचा?”

“बांध काठोकाठ भरला होता त्या सालचा.”

“अहो, बांध किती तरी सालं भरला!”

“त्या साली पाळीवरून पाणी गेलं होतं जी.”

सरांनी आधार कार्ड मागितलं. त्यावर एक जानेवारी होती. माझ्या वाडीत सगळ्यांचा जन्म एक जानेवारीचाच आहे.

मग चौकशीला पोलीस घरी आला. तरणा, नम्र माणूस. गिरजाबाई साक्षीला.

“आजोबा, कायले जाऊन राहिले लंकेले?”

“समुद्र पाहाले.”

“बस? अन् वापस याल ना?”

मी उत्तर द्यायच्या आत गिरजाबाई म्हणाली, “येईल ना! त्याचं इथं कोनी नाई, पर बादली माझी हाय त्याच्यापाशी!”

पोलिसानं हसत सही घेतली. महिन्याभरात पासपोर्ट आला. मी तो तांदळाच्या डब्यात ठेवला, उंदीर कुरतडेल म्हणून. रोज सकाळी डबा उघडून पाहायचो. गिरजाबाई म्हणायची, “लंकेले मारुती गेला होता, त्याच्यापाशी कुठं होता पासपोर्ट?”

मी म्हणालो, “त्याला उडता येत होतं.”

“मंग तुमाले काय येते?”

“गरी बांधता येते.”

*

गरी बुडावी म्हणून दोरीला बांधायच्या शिशाचा प्रश्न मोठा होता. तलावात गोल शिसं चालतं, ते गाळात बसतं. लाटेत ते गडगडत काठाला परत येतं, असं सरांच्या मोबाईलमध्ये होतं. त्यासाठी तारेचे पाय असलेलं शिसं मिळतं, ते वाळूत नखं रोवून बसतं. सेठनं दोन्ही मागवलं. पण खरं-खोटं कसं कळणार? लाट कुठून आणायची?

आम्ही पटलेभाऊंच्या गाडीतून चोरखमाऱ्याच्या जलाशयावर गेलो. वारा नाही. पाणी आरशासारखं.

गरी टाकायच्या आधी मी कमरेची पुडी सोडली आणि हळद लावलेले पाच तांदूळ पाण्यात सोडले. आमच्या लोकांची ही रीत आहे. नव्या पाण्याला आधी पिवळे तांदूळ, मग गरी, मग तोंड. तांदूळ पडेपर्यंत त्या पाण्याचा थेंबसुद्धा जिभेला लावायचा नाही. घरात कुठलं नवं पाणी आलं तरी पौर्णिमेला तांदूळ दाखवल्याशिवाय कोणी पीत नाही. सर हसले. “बावाजी, हे मोबाईलमध्ये नाई सांगत!”

लाट मात्र आली नाही. शेवटी पटलेभाऊंनी एका गुराख्याला हाक मारली. त्याच्या बारा म्हशी काठावर होत्या. त्यानं त्या सगळ्या हाकलत पाण्यात घातल्या. काय लाटा उठल्या म्हणता! गोल शिसं गडगडत आलं. पायवालं शिसं जागचं हललं नाही. परीक्षा पास!

पण तेवढ्यात सरांच्या हातातल्या रॉडला झटका बसला. रील ओरडायला लागलं. चौदा फुटांचा रॉड कमानीसारखा वाकला.

“लागला! लागला! वीस किलोच्या खाली नाही!” सर टाचा रोवून मागे झुकले. पटलेभाऊंनी सरांची कंबर धरली. दोरी सरसर निघत पलीकडच्या काठाकडे चालली, आणि मग पाण्यातून वर निघून काठ चढायला लागली.

गुराखी शांतपणे म्हणाला, “हळू वढा सर, गाभन हाय ते.”

*

रंगीत खोट्या माशांचा डबा आला होता. प्लास्टिकचे, चमचमणारे, कोणाच्या पोटात खुळखुळा, कोणाला खरे वाटावेत असे डोळे. पटलेभाऊ लहान पोरासारखे निवडत बसले. गुलाबी घेतला, हिरवा घेतला, अंधारात उजळणारा घेतला.

मी सेठला हळूच म्हणालो, “समुद्रातला मासाही मासाच खात असेल ना? ताज्या माशाची एक चिंधी लावली तरी भागेल. हे एवढे रंग कायले?”

सेठनं मला आत नेलं. रागानं नाही, शिकवल्यासारखं बोलला.

“बावाजी, ये रंग मछली के लिए नहीं है. पहले आदमी फँसता है, बाद में मछली!”

मी हसलो. मला वाटलं, पटलेभाऊंबद्दल बोलतो आहे.

*

आता चाळीस गऱ्यांचं सांगतो.

जायला दहा दिवस उरले होते. मिलची गर्दी ओसरली होती. मी एक पांढरा सदरा धुऊन ठेवला होता. पटलेभाऊ दुकानात आले, इकडचं तिकडचं बोलले, मग जाता जाता म्हणाले, “बावाजी, जराशा जास्तीच्या गऱ्या बांधून ठेवा बरं. चाळीसेक. दोरीसकट, अशा की नुसत्या अडकवल्या की झालं.”

मी “हो जी” म्हणालो आणि बांधायला बसलो.

सहा गऱ्या बांधून झाल्या आणि सातवीची गाठ ओली करायला तोंडाशी नेली, तेव्हा हात थांबला. गरी बांधणारा माणूस सोबत चालला असेल तर गऱ्या आधी बांधून कशाला लागतात? तो तिथे बसून बांधेल की. समुद्राकाठी बसून बांधेल.

मी ती सातवी गाठ ओली केली, दातांनी ओढली. मग आठवी. चाळीसच्या चाळीस बांधल्या. एकही कच्ची ठेवली नाही. ते माझ्यानं होत नाही.

दोन दिवसांनी पटलेभाऊंनी टेंभरे सरांना पाठवलं सांगायला. सर बिचारे चष्मा पुसत राहिले. “बावाजी, तिथल्या लाटा लई जोराच्या. तुमचं वय... तुमच्या काळजीपोटीच बरं का. भाऊंचा साळा येऊन राहिला तुमच्या जागी. त्याले पाण्याचं काही कळत नाही, पर तो...”

“तरणा आहे,” मी म्हणालो.

“हो. तरणा आहे.”

“मग बरं झालं जी. सामान जड आहे.”

घरी आल्यावर गिरजाबाईला सांगितलं. तिनं पटलेभाऊंना, त्यांच्या साळ्याला आणि साळ्याच्या आईला जे काही म्हटलं, ते लिहिता येत नाही. शेवटी म्हणाली, “अन् तुमी कायले बांधल्या पुऱ्या चाळीस? दोन-चार ढिल्या ठेवाच्या होत्या!”

मी म्हणालो, “मासा सुटला तर गरी तोंडात घेऊन मरतो गिरजाबाई. त्याचा काय दोष?”

तिनं वरणाची वाटी तेवढी जोरात ठेवली.

*

मी स्टेशनवर गेलो होतो. न जाऊन कसं चालेल? सामान मी निवडलेलं. गोंदियाहून नागपूर, तिथून विमान. रॉडची लांब पिशवी डब्यात आडवी जाईना, तिरपी जाईना. मी सांगितलं, “सीटखालून घाला जी, बूड आधी.” गेली.

सदऱ्याच्या खिशातून मी एक पुडी काढून पटलेभाऊंच्या हातात दिली.

“पिवळे तांदूळ आहेत. पहिली गरी टाकायच्या आधी पाण्यात सोडा. आणि परत येताना जमलं तर... एका बाटलीत थोडं पाणी आणा जी. समुद्राचं.”

“बस एवढंच? बावाजी, अर्धा समुद्र आनतो तुमच्यासाठी!”

गाडी हलली. साळा दारात उभा राहून फोटो काढत होता. माझ्याही दिशेनं त्यानं मोबाईल धरला. मी सदरा नीट केला. नंतर कळलं, तो स्वतःचाच काढत होता.

*

आठ दिवसांनी मंडळी परतली. बाकड्यावर पेढे वाटले. पटलेभाऊंनी मोबाईल फिरवला. दोन्ही हातांत धरलेला हा एवढा मासा! मागे निळं निळं काहीतरी. मी ते निळंच पाहत होतो, पण माशानं बरंच झाकलं होतं.

“सत्तावीस मिनिटं झुंजला, बावाजी! साळ्याले विचारा. हात सुन्न झाले.”

सेठ वा-वा म्हणाला. सर म्हणाले, “कोणती जात?” भाऊ म्हणाले, “तिकडची आहे.”

मोबाईल माझ्याकडे आला. मी माशाचा डोळा पाहिला. ही आमची सवय. माणसं तोंड पाहतात, आम्ही डोळा पाहतो. ताज्या माशाचा डोळा काळा आणि फुगलेला असतो. याचा पांढरा होता, आत बसलेला. सकाळी मेलेल्या माशाचा, बर्फावरचा. आणि जबड्याला गरीची जखम नव्हती.

सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी म्हणालो, “वजनदार आहे जी.”

“मी म्हटलंच होतं, बावाजीले समजते!”

“अन् तांदूळ सोडले का जी?”

“सोडले ना! सगळ्यात आधी. तुमची पुडी पाण्यात, मग गरी. देवाची शपथ!”

*

सामान पुसायला माझ्याकडेच आलं. ते माझंच काम.

रील उघडलं. समुद्रावरून आलेल्या रीलमध्ये मीठ असतं, वाळू असते, असं सरांनीच मला सांगितलं होतं. मी पांढऱ्या फडक्यावर झटकलं. काही पडलं नाही. फडकं पांढरं ते पांढरं. पायवाल्या शिशांवर दुकानाचे कागद तसेच चिकटलेले. अंधारात उजळणारा मासा अजून पाकिटातच उजळत होता.

मग सामानाच्या पेटीचा खालचा कप्पा उघडला. तिथे माझ्या गऱ्या होत्या. जशा गुंडाळून दिल्या होत्या तशाच, माझ्याच दोऱ्यानं बांधलेल्या. मोजायची गरज नव्हती, तरी मोजल्या. चाळीस.

आणि त्यांच्या खाली पुडी.

हरीशसेठ मागे येऊन उभा होता. त्यानंही पाहिलं. मी काही विचारलं नाही, तरी तो हळूच बोलला, “हॉटेल अच्छा था बोले. बाहर ही नहीं निकले शायद. साला साथ में था ना... खाना, पीना.” मग थोड्या वेळानं म्हणाला, “बावाजी, ये हुक वापस टाँग दूँ? नये के नये हैं.”

मी म्हणालो, “टांगा सेठ. गाठी पक्क्या आहेत.”

पुडी मात्र मी खिशात घातली.

*

शेवटचा किस्सा बाटलीचा.

पटलेभाऊंनी बाटली आणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः गाडीतून फुलचूरला माझ्या दारात आले, सगळ्या वाडीसमोर. एक लिटरची बाटली, कागद सोलून काढलेला, बूच घट्ट.

“घ्या बावाजी! तुमचा समुद्र!”

मी दोन्ही हातांनी घेतली. खरं सांगतो, मला त्या क्षणी पांढरा डोळा आठवला नाही, चाळीस गऱ्याही आठवल्या नाहीत. बाहेर नाही निघाले म्हणतात, पण निघाले असतील एखाद्या वेळी. माझ्यासाठी काठापर्यंत तरी गेले असतील. मी म्हणालो, “लई उपकार झाले जी.”

बाटली फळीवर ठेवली, देवाशेजारी. पाणी नितळ होतं. समुद्र नितळच असेल, मला काय माहीत! सकाळी उन्हात धरायचो तेव्हा भिंतीवर उजेड हलायचा. मी बाटली स्थिर धरली तरी तो हलायचा. मला वाटायचं, हेच ते. वारा नसताना उठतं ते हेच.

हात माझा थरथरतो, हे मला नंतर सुचलं.

बूच मी उघडलं नाही. पौर्णिमेला सहा दिवस होते. नवं पाणी. आधी तांदूळ, मग तोंड. पुडी होतीच; तीच, लंकेला जाऊन आलेली. ठरवलं, पौर्णिमेला त्याच बाटलीत पाच दाणे सोडायचे आणि मग एक थेंब जिभेला लावायचा. एवढ्या जन्मात निदान चव तरी कळेल. शेजारच्या मंडळींना दारातून दाखवली. एक-दोघांनी लांबूनच नमस्कार केला. गिरजाबाई तेव्हा पोरीकडे तिरोड्याला गेली होती. तिला पौर्णिमेलाच दाखवू म्हटलं. तिनंच सगळ्यात जास्त शिव्या दिल्या होत्या, तिनं आधी पाहावं.

पौर्णिमा आली. मी सेठकडून दुपारीच सुटी घेतली, नारळ घेतला, पांढरा सदरा घातला. घरी आलो तर दार उघडं. फळी रिकामी.

गिरजाबाई तिच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. सकाळीच तिरोड्याहून आली होती. चूल विझायला आली होती, वरणाचा वास येत होता. बाजूला माझी बाटली आडवी पडली होती. बूच उघडं.

“आले का लवकर? बरं झालं, गरम गरम वाढतो. आज नळच नाई आला पाहा वाडीत. तुमच्या घरचा माठबी कोरडा. मंग फळीवरची बाटली आनली. वरनाले पुरली तेवढी.”

माझ्या हातातला नारळ खाली गेला.

“गिरजाबाई... त्यात समुद्र होता.”

“काय होता?”

“समुद्र. लंकेचा. पटलेभाऊंनी आणलेला. मी अजून... आज पौर्णिमा म्हणून...” मी खिशातली पुडी तेवढी काढून दाखवली.

ती उठली. बाटली उचलून तिनं उन्हात धरली. बुडाशी दोन-चार थेंब उरले होते. ते तिनं तळहातावर घेतले, जिभेला लावले आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मग पदरानं हात पुसत ती हळूच म्हणाली,

“समुद्र होता म्हन्ता? मंग मले वरनात दोनदा मीठ कायले टाका लागलं, बावाजी?”